मुठीतले पाच चिंचोके

चार वर्षांची एक मुलगी. घरी पाहुणे आलेत आणि ती एक ते वीस आकडे घडाघडा म्हणून दाखवते. टाळ्या वाजतात, आजी गालावरून हात फिरवून बोटं मोडते. मग कुणीतरी तिच्यापुढे चिंचोक्यांची वाटी ठेवतं आणि म्हणतं, "मला पाच दे बघू." मुलगी वाटीत हात घालते आणि मूठभर चिंचोके काढून देते. सात असतील, नऊही असतील. "हे पाच आहेत?" असं विचारलं तर ती ठामपणे मान डोलावते. आता घरच्यांना प्रश्न पडतो, वीसपर्यंत येतं तर पाच कसे येत नाहीत?

काहीही बिघडलेलं नसतं. लहान मुलांची संख्येची समज तपासायला मानसशास्त्रज्ञ हीच कसोटी वापरतात. अमेरिकेतल्या कॅरन विन यांनी १९९०च्या सुमारास केलेल्या अभ्यासांतून या समजेच्या पायऱ्या स्पष्ट झाल्या. मुलाला आधी फक्त 'एक' कळतो. एक मागितला तर ते नेमका एक देतं, त्याहून जास्त काहीही मागितलं तरी मूठ भरून देतं. काही महिन्यांनी 'दोन' कळतो, आणखी काही महिन्यांनी 'तीन'. मग साधारण साडेतीन-चार वर्षांच्या आसपास एके दिवशी मोठी उडी पडते. मोजताना शेवटी जो शब्द तोंडातून येतो तोच सगळ्या ढिगाचा आकडा, हे त्याला उमगतं. रॉशेल गेलमन आणि रँडी गॅलिस्टेल यांनी १९७८ साली मोजणीमागचे नियम मांडले, त्यांतला हा सगळ्यात अवघड नियम. एका वस्तूला एकच शब्द द्यायचा, शब्दांचा क्रम बदलायचा नाही, सुरुवात कुठूनही केली तरी उत्तर तेच येतं, असे बाकीचे नियम. मोठ्यांना हे इतकं अंगवळणी पडलेलं असतं की त्यात शिकण्यासारखं काही आहे हेच लक्षात येत नाही.

म्हणून घरच्या गणिताची सुरुवात उजळणीच्या तक्त्यानं करण्यापेक्षा चिंचोक्यांनी केलेली बरी. चिंचोके नसतील तर गुंजा सोडून काहीही चालेल (गुंजेचं बी विषारी असतं): शर्टाची बटणं, बाटल्यांची बुचं, राजमा, शेंगांची टरफलं. तीन वर्षांच्या आतलं मूल मात्र हाती येईल ते तोंडात किंवा नाकात घालतं, त्याच्याजवळ मोठ्या वस्तूच असाव्यात. बटाटे, कांदे, चमचे, वाट्या. त्याहून मोठ्या मुलांच्या खेळातही मोठं माणूस शेजारी बसलेलं हवं.

शेजारी बसायचं ते राखण करण्यापुरतं नव्हे, तर बोलण्यासाठीही. शिकागो विद्यापीठातल्या सुझन लेव्हाइन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ४४ कुटुंबांच्या घरी जाऊन आई-बाप आणि मुलांचं रोजचं बोलणं ध्वनिचित्रित केलं. मूल चौदा महिन्यांचं असल्यापासून तीस महिन्यांचं होईपर्यंत दीड-दीड तासाच्या पाच भेटी झाल्या. या साडेसात तासांत एका घरात संख्येचे शब्द अवघे ४ वेळा आले, तर दुसऱ्या एका घरात २५७ वेळा. ज्यांच्या कानावर असे शब्द जास्त पडले होते, त्या मुलांना पावणेचार वर्षांच्या सुमारास 'पाच म्हणजे किती' हे जास्त चांगलं कळत होतं. पुढच्या विश्लेषणात आणखी एक बारकावा हाती लागला. नुसते आकडे म्हणून दाखवण्यापेक्षा समोर दिसणाऱ्या वस्तू मोजून त्यांचा आकडा सांगणं, त्यातही चार ते दहा वस्तू मोजणं, जास्त उपयोगी ठरलं होतं.

याला वेगळा वेळ लागत नाही. जेवणाची ताटं मांडताना "आपण किती जण? मग किती वाट्या?" असं विचारता येतं. मूल प्रत्येक ताटापाशी एकेक वाटी नेऊन ठेवतं तेव्हा ते एकास-एक जोडी लावत असतं, आणि मोजणीचा पाया तोच आहे. वाळत घातलेल्या कपड्यांतून मोज्यांच्या जोड्या लावणं, वाटाणे सोलताना एका शेंगेत किती दाणे निघाले ते बघणं, जिन्याच्या पायऱ्या मोजत चढणं, हेही तसंच. फक्त मोजून झाल्यावर एक वाक्य जोडायला हवं: "एक, दोन, तीन, चार. चार वाट्या." तेवढ्या शेवटच्या दोन शब्दांनी मुलाला कळतं, की 'चार' हे शेवटच्या वाटीचं नाव नाही, सगळ्या वाट्या मिळून चार होतात.

स्वित्झर्लंडचे झाँ पियाजे यांचा एक प्रसिद्ध प्रयोग घरीही करून बघण्यासारखा आहे. सहा बटणांच्या दोन रांगा समोरासमोर लावायच्या. दोन्ही सारख्या आहेत हे मुलानं कबूल केलं की त्याच्या डोळ्यांदेखत एक रांग पसरून लांब करायची आणि विचारायचं, "आता कुठे जास्त?" चार-पाच वर्षांची बरीच मुलं लांब रांगेकडे बोट दाखवतात. तांब्यातलं सारखंच पाणी बुटक्या वाटीत आणि उंच पेल्यात ओतलं तरी तसंच होतं, उंच पेल्यातलं पाणी मुलांना जास्त वाटतं. अशा वेळी मोठ्यांना चूक सुधारण्याची घाई होते. ती टाळावी. "तुला असं का वाटलं?" एवढंच विचारावं आणि पाणी पुन्हा मुलालाच ओतू द्यावं. आईनं सांगितलं म्हणून हे पटत नाही. अनेकदा ओतून, सांडून, पुन्हा भरून ते आपलं आपल्याला पटतं.

मोजण्याच्याही आधीची एक ताकद मुलांकडे असते. दोन किंवा तीन वस्तू ती न मोजता, नुसत्या बघून ओळखतात. ही ताकद वाढवणारे खेळ आपल्याकडे पिढ्यानपिढ्या आहेत. चल्लस-आठच्या पटावर चार कवड्या टाकल्या की किती उताण्या पडल्या हे क्षणात बघावं लागतं. चारही उताण्या पडल्या तर चल्लस, म्हणजे चार, आणि चारही पालथ्या पडल्या तर आठ. कवड्या नसतील तिथे फोडलेल्या चिंचोक्यांच्या फाका चालतात, एक बाजू पांढरी आणि एक तपकिरी. तीन पांढऱ्या म्हणजे तीन घरं पुढे. इथे मूल एकदा डोळ्यांनी आकडा ओळखतं, दुसऱ्यांदा सोंगटी सरकवताना तोच आकडा हातानं मोजतं.

पटावरच्या खेळांबद्दल अमेरिकेतल्या रॉबर्ट सीगलर आणि गीता रमाणी यांनी २००८ साली एक साधा प्रयोग केला. गरीब घरांतल्या बालवाडीच्या मुलांना त्यांनी एका सरळ पट्टीवर एक ते दहा आकड्यांची घरं असलेला खेळ दिला. चक्रीवर एक किंवा दोन येतील तेवढी घरं पुढे जायचं, बस. पंधरा-पंधरा मिनिटांचे चारच डाव, दोन आठवड्यांत. तेवढ्यानं या मुलांना कुठली संख्या कुठे बसते, कुठली मोठी, हे ठळकपणे कळू लागलं, आणि त्याच वर्षीच्या दुसऱ्या अभ्यासात ही प्रगती नऊ आठवड्यांनंतरही टिकलेली दिसली. त्याच पट्टीवर आकड्यांऐवजी नुसते रंग असले तर असा फायदा झाला नाही. सोंगटी सरकवताना म्हणायचं काय, हेही महत्त्वाचं निघालं. तीनच्या घरातून दोन घरं पुढे जाताना मुलं "एक, दोन" म्हणतात, त्यांना "चार, पाच" असं घरावरचा आकडा वाचत जायला शिकवलं होतं.

हा पट जुन्या वहीच्या पुठ्ठ्यावर पाच मिनिटांत तयार होतो. सापशिडीचा पट आधी आणू नये. तिथे पहिली ओळ डावीकडून उजवीकडे जाते, दुसरी उलटी येते, तिसरी पुन्हा सुलटी. चार वर्षांच्या मुलाला 'पुढे' म्हणजे नक्की कुठे, हेच कळेनासं होतं. सरळ पट्टी चांगली रुळल्यावर सापशिडीची मजा दुप्पट येते.

दहाच्या पुढे गेलं की मराठी मुलांपुढे त्यांच्या भाषेनं घातलेलं एक खास कोडं उभं राहतं. 'त्रेपन्न' ऐकताना आधी तीन ऐकू येतो, मग पन्नास. लिहिताना मात्र आधी पाच लिहायचा आणि मग तीन. त्यामुळे कित्येक मुलं त्रेपन्नला ३५ लिहून मोकळी होतात. 'एकोणसाठ' ऐकून ६९ लिहिणारी मुलंही काही कमी नसतात, कारण कानावर साठ पडलेला असतो आणि 'एकोण' म्हणजे एक कमी हे कुणी सांगितलेलं नसतं. शंभरपर्यंतच्या जवळजवळ प्रत्येक संख्येला आपल्याकडे स्वतंत्र नाव आहे. चिनी भाषेत अकराला 'दहा-एक' आणि त्रेपन्नला 'पाच-दहा-तीन' अशा अर्थाचे शब्द आहेत. चिनी आणि अमेरिकी बालवाडीतल्या मुलांची तुलना केली तेव्हा दहापर्यंत दोघंही बरोबरीनं मोजत होती, अकरानंतर मात्र चिनी मुलं पुढे गेली.

महाराष्ट्रात हा विषय २०१९ साली घराघरांत पोचला. बालभारतीच्या दुसरीच्या नव्या गणिताच्या पुस्तकात सत्तावीस हे 'वीस सात' असं वाचायची पद्धत आली, आणि विधिमंडळापासून कट्ट्यापर्यंत वादळ उठलं. गणित समितीच्या प्रमुख मंगला नारळीकर यांनी जोडाक्षरांची आणि उलट्या क्रमाची अडचण पुन्हापुन्हा समजावून सांगितली. जुनी नावं काढून टाकलेली नाहीत, हेही समितीनं स्पष्ट केलं. त्या गदारोळात मुलाची खरी अडचण कुठे आहे याचा विचार फार थोड्यांनी केला. वास्तविक घरात दोन्ही नावं सुखानं नांदू शकतात. "वीस आणि सात, सत्तावीस" असं म्हणायला कुणाचीच हरकत नसावी.

ही अडचण सोडवायला मेथीच्या जुडीइतकी ओळखीची दुसरी कल्पना नाही. खराट्याच्या काड्या सारख्या लांबीच्या तोडून घ्यायच्या. दहा सुट्या काड्या झाल्या की रबर लावून त्यांची जुडी बांधायची. त्रेपन्न काड्या म्हणजे पाच जुड्या आणि तीन सुट्या. जुड्या डावीकडे ठेवायच्या, सुट्या उजवीकडे, आणि खाली कागदावर ५ आणि ३. एकोणसाठच्या वेळी सहा जुड्या मांडायच्या, एका जुडीचं रबर सोडायचं आणि एक काडी काढून घ्यायची. 'एकोण' हा शब्द तिथे डोळ्यांसमोर घडतो. जुडी बांधण्याचं आणि सोडण्याचं काम मुलानंच करायचं, कारण पुढे शाळेत 'हातचा' म्हणून जे शिकवतात ते हेच आहे. मारिया माँटेसोरी यांनी सोनेरी मण्यांचं जे साहित्य बनवलं, त्यातही सुटा मणी, दहाची कांडी, शंभरचा चौरस आणि हजारचा ठोकळा अशीच रचना आहे. अनेक प्राथमिक शाळांत आता दिसणारी गणितमाळ, दहा मणी एका रंगाचे आणि पुढचे दहा दुसऱ्या रंगाचे अशी शंभर मण्यांची, हीदेखील घरी दोऱ्यात ओवून होते.

महागडं साहित्य बाजूला ठेवून परिसरातल्या वस्तूंनी शिकवण्याची वाट महाराष्ट्राला नवी नाही. भावनगरला गिजुभाई बधेकांबरोबर काम केलेल्या ताराबाई मोडकांनी १९४५ साली समुद्रकाठच्या बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केलं. माँटेसोरींचं साहित्य खेड्यातल्या बालवाडीला परवडणारं नव्हतं. ताराबाई आणि त्यांच्या सहकारी अनुताई वाघ यांनी शंख-शिंपले, खडे, पानं, बिया, माती यांतून साहित्य उभं केलं. मुलं बालवाडीत येत नाहीत तर बालवाडी त्यांच्या अंगणात न्यावी, या विचारातून अंगणवाडीची कल्पना तिथे रुजली. पुढे कोसबादच्या टेकडीवर आदिवासी मुलांसाठी हे काम वाढलं.

संख्येखेरीज आकार आहेत, आणि इथे रांगोळीसारखं दुसरं साधन नाही. ठिपक्यांच्या रांगोळीच्या पुस्तकात 'सात ते चार' असं लिहिलेलं असतं. मधल्या ओळीत सात ठिपके, मग वर आणि खाली दोन ठिपक्यांच्या मधोमध एकेक ठिपका ठेवत सहा, पाच, चार. ठिपके मांडतानाच मूल एकेकानं कमी होणारी मालिका हातानं रेखतं. सगळे मिळून ३७ ठिपके होतात आणि षटकोन तयार होतो. एका बाजूची नक्षी आईनं काढली आणि दुसरी बाजू तशीच मुलाला काढायला दिली तर सममिती हा शब्द न उच्चारता सममिती कळते. फरशीवर खडूनं ठिपके दिले तरी चालतं.

कणकेच्या छोट्या गोळ्या आणि खराट्याच्या काड्या घेऊन त्रिकोण आणि चौकोन बनवायला द्यावेत. चौकोन हलकेच दाबला की कलंडतो, त्रिकोण जागचा हलत नाही. पुण्यात काम केलेले अरविंद गुप्ता यांनी आगपेटीच्या काड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबचे तुकडे जोडून हा अनुभव असंख्य मुलांना दिला. मुलाला मग मोबाइलच्या मनोऱ्यात किंवा पुलाच्या कमानीत त्रिकोण दिसायला लागतात. चार गोळ्या आणि सहा काड्यांचा मनोरा, आठ गोळ्या आणि बारा काड्यांचा ठोकळा, एवढं झालं की दुपार कशी गेली ते कळत नाही.

अपूर्णांकांच्या बाबतीत तर मराठी घराला भाषेचंच पाठबळ आहे. पोळी एकदा दुमडली की अर्धी, पुन्हा दुमडली की चतकोर. पाव, अर्धा, पाऊण, सव्वा, दीड, अडीच हे शब्द मुलाच्या कानावर वाणसामानाच्या यादीतून रोज पडतात. पूर्वी पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी असे पाढे पाठ असत. ते पाठ करायला लावायची आता गरज नाही, पण "दीड वाटी रवा घाल" असं मुलाला सांगून एक पूर्ण आणि एक अर्धी वाटी त्यालाच भरू द्यायला हवी.

इथवर वाचून असं वाटेल की हातात वस्तू दिली की गणित आपोआप डोक्यात उतरतं. तसं होत नाही, आणि याचा मोठा पुरावा भारतातूनच मिळाला आहे. दिल्लीत प्रथम या संस्थेच्या २१४ बालवाड्यांमधल्या सुमारे दीड हजार मुलांबरोबर एलिझाबेथ स्पेल्की, एस्थर डुफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गणिती खेळांचा प्रयोग केला. त्याचे निष्कर्ष २०१७ साली प्रसिद्ध झाले. काही महिने ठिपक्यांचे आणि आकारांचे खेळ खेळल्यावर मुलांची संख्येची आणि आकाराची नैसर्गिक जाण सुधारली आणि ती वर्षभर टिकली. शाळेतल्या आकड्यांच्या गणितात मात्र ही मुलं पहिलीत गेल्यावर इतरांच्या पुढे नव्हती. खेळ आणि लिहिलेला आकडा यांच्यामध्ये पूल बांधलेला नव्हता.

ब्राझीलच्या रेसिफी शहरात १९८५ साली याच दरीचं दुसरं टोक दिसलं होतं. रस्त्यावर नारळ आणि फळं विकणारी पाच मुलं गिऱ्हाइकाचा हिशेब ९८ टक्के वेळा बिनचूक करत होती. तेच हिशेब कागदावर नुसत्या आकड्यांत मांडून दिल्यावर बरोबर उत्तरं ३७ टक्क्यांवर आली. आठवडी बाजारात आई-बापांशेजारी बसणाऱ्या आपल्याकडच्या मुलांना ओळखणाऱ्या शिक्षकांना यात नवल वाटणार नाही.

साहित्य फार आकर्षक असलं तर तेही आड येतं. अमेरिकेतल्या एका अभ्यासात हुबेहूब खऱ्यासारख्या नोटा-नाणी देऊन शाब्दिक उदाहरणं सोडवायला सांगितलं, तेव्हा मुलांच्या चुका वाढल्या. दुकानातली चमकदार फळं आणि प्राणी यांच्याशी मूल खेळत बसतं, ती मोजायची आहेत हे मागे पडतं. साध्या चिंचोक्याचं मोल इथे कळतं. त्याच्यात बघण्यासारखं फारसं काही नाही, म्हणून ते कशाच्याही जागी उभं राहू शकतं, आज आंब्याच्या आणि उद्या बसमधल्या माणसांच्या.

मग पूल बांधायचा कसा? क्रम साधा आहे. आधी हातानं करायचं, मग तोंडानं सांगायचं, मग चित्र काढायचं, आणि सगळ्यात शेवटी आकडा लिहायचा. चार चिंचोके वाटीखाली झाकले, त्यात मुलासमोर आणखी दोन सरकवले आणि "आता आत किती?" विचारलं, की वस्तू असूनही दिसत नाहीत आणि मुलाला मनात मोजावं लागतं. कुणी बोटं मोजेल, तर मोजू द्यावीत. पेरांवर जप मोजणाऱ्या आजीला कुणी हटकत नाही.

आई-बापांनाच गणिताची धास्ती असेल तर घरचा अभ्यास उलटतो, हेही २०१५ च्या एका अमेरिकी अभ्यासात दिसलं. पहिली-दुसरीच्या ज्या मुलांना गणिताला घाबरणारे पालक वारंवार गृहपाठात मदत करत होते, ती मुलं वर्षभरात कमी शिकली आणि त्यांची भीतीही वाढली. अशा घरात वही मिटून डबे काढलेले बरे.

ब्रिटनमधल्या मार्टिन ह्यूज यांनी १९८६ च्या आपल्या 'चिल्ड्रन अँड नंबर' या पुस्तकात सांगितलेला डब्यांचा खेळ त्यासाठी फार चांगला आहे. एकसारखे चार छोटे डबे घ्यायचे. एकात एक चिंचोका, एकात दोन, एकात तीन, आणि एक रिकामा. झाकणं लावून डबे इकडेतिकडे फिरवायचे आणि मुलाला ओळखायला लावायचं. अंदाज चुकतात, हसू येतं. मग प्रत्येक झाकणावर कोरा कागद चिकटवून मुलाच्या हातात पेन्सिल द्यायची: "आत किती आहेत ते कळेल असं काहीतरी काढ." आकडा लिही असं सांगायचं नाही. कुणी तीन रेघा ओढतं, कुणी तीन चिंचोके रंगवतं. डबे पुन्हा फिरवले की मूल स्वतःचीच खूण वाचून बरोबर डबा उचलतं. आठवड्यानंतर फडताळातून तेच डबे काढले तरी त्याला त्या खुणा वाचता येतात. तेव्हा तीन रेघांच्या शेजारी मोठ्यांनी आपली खूण काढून दाखवायची, ३. रिकाम्या डब्याचा कागद बरीच मुलं कोराच ठेवतात. तो कागद चुकून कोरा राहिला की मुद्दाम ठेवला, हे नंतर कसं ओळखायचं, असं त्यांना विचारलं की ती पेन्सिल तोंडात धरून बराच वेळ त्या झाकणाकडे बघत बसतात.